मुक्त आज्ञावलींचे आवृत्तिक्रमांक व प्रकाशन-समन्वय

संगणकाची जी आज्ञावली मूळ संहितेसह सर्वांस उपलब्ध असते आणि जी वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची व बदललेली प्रत इतरांस देण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते, तिला मुक्त आज्ञावली म्हणतात. अशा आज्ञावलीत बदल रोज होत असतात. त्यांपैकी एखाद्या दिवसाची अवस्था स्थिर करून ती लोकांच्या वापरासाठी जाहीर करणे म्हणजे प्रकाशन आणि त्या अवस्थेची ओळख पटविणारा अंक म्हणजे आवृत्तिक्रमांक होय. हा शब्द छापील ग्रंथावरून आला असला, तरी दोहोंत एक भेद आहे. एका ग्रंथाची तिसरी आवृत्ती वाचण्यासाठी दुसऱ्या ग्रंथाची पाचवी आवृत्ती जवळ असावी लागत नाही. आज्ञावलीचे तसे नसते. मराठी पत्र लिहिण्याचे साधे उपयोजन घेतले, तरी ते पडद्यावर चौकटी व कळी रेखाटणाऱ्या एका लायब्ररीवर, जोडाक्षरे जुळविणाऱ्या दुसऱ्या लायब्ररीवर, फाँटावर, अक्षरांच्या जागतिक संकेतावर आणि अखेर परिचालन प्रणालीच्या गाभ्यावर अवलंबून असते. या प्रत्येक थराचे कर्ते निराळे, त्यांचे देश निराळे आणि त्यांना एकत्र बांधणारा मालक बहुधा कोणीच नसतो. कोणी कोणास हुकूम करू शकत नाही अशा मंडळींनी परस्परांशी जुळणाऱ्या आवृत्त्या जुळत्या वेळी कशा काढाव्यात, या प्रश्नाला गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जी उत्तरे दिली गेली, त्यांचा आढावा येथे घेतला आहे. मराठी भाषेचा या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. कारण मराठी अक्षर आणि मराठी अनुवाद ही या साखळीची शेवटची कडी असून वेळ चुकली की प्रथम तीच निखळते.

प्रारंभीची पद्धत : रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्या काळी आवृत्ती ‘तयार झाली म्हणजे’ काढावी, अशी रीत होती. लिनक्सची १.० ही आवृत्ती मार्च १९९४ मध्ये निघाली. त्यानंतर क्रमांकातच स्थिरतेची खूण ठेवण्याचा संकेत रूढ झाला : दुसरा अंक सम असेल तर ती मालिका सर्वांच्या वापरासाठी, विषम असेल तर प्रयोगासाठी. २.२, २.४ व २.६ या स्थिर मालिका अनुक्रमे जानेवारी १९९९, जानेवारी २००१ व डिसेंबर २००३ मध्ये आल्या. संकेत सुबोध होता. परंतु दोन सम मालिकांमधील अंतर जवळजवळ तीन वर्षांपर्यंत वाढले. तेवढा काळ थांबणे वितरकांना परवडेना. त्यांनी प्रयोगमालिकेतील सुधारणा आपापल्या जुन्या गाभ्यात बसविल्या आणि परिणामी एकच क्रमांक धारण करणारे गाभे प्रत्यक्षात निरनिराळे झाले. क्रमांकाचे मूळ प्रयोजनच त्यामुळे बाधित झाले. २.६ नंतर सम-विषम संकेत सोडून देण्यात आला व दोन-तीन महिन्यांनी नवी आवृत्ती काढण्याची पद्धत सुरू झाली. जुलै २०११ मध्ये २.६.३९ नंतर एकदम ३.० हा क्रमांक देण्यात आला, तेव्हा या उडीमागे कोणतेही मोठे तांत्रिक स्थित्यंतर नाही, असे खुद्द टोरवाल्ड्स यांनीच स्पष्ट केले होते.

डेबियन या स्वयंसेवकांच्या वितरण-संचाची कथा याहून कष्टाची आहे. त्याची ३.० आवृत्ती जुलै २००२ मध्ये आणि ३.१ जून २००५ मध्ये निघाली. क्रमांकातील फरक एका दशांशाचा, प्रतीक्षा मात्र तीन वर्षांची. हजारो घटक एकाच वेळी निर्दोष असावेत असा आग्रह धरला, की एक घटक सुधारेपर्यंत दुसरा जुना होतो. या काळात डेबियनचे प्रमुखपद भूषविलेले मार्टिन मिखलमायर यांनी पुढे केंब्रिज विद्यापीठात याच विषयावर प्रबंध लिहिला (२००७). डेबियन, ग्नोम, लिनक्स इ. प्रकल्पांचा अभ्यास करून त्यांनी असे प्रतिपादन केले, की जेथे मध्यवर्ती सत्ता नाही तेथे ठरलेली तारीख हीच समन्वयाचे काम करते. प्रत्येकाला इतरांशी सतत विचारविनिमय करावा लागत नाही. तारीख पाहून तो आपले काम आखू शकतो.

तारखेवर आधारलेले प्रकाशन : आठवडी बाजाराचा वार कोणाच्या मालासाठी पुढे ढकलला जात नाही, ज्याचा माल राहिला तो पुढच्या वारी येतो. तारखेवर आधारलेल्या प्रकाशनाचे तत्त्व हेच आहे. ओपनबीएसडी या प्रणालीने ते १९९० नंतरच्या दशकातच अंगीकारले होते. डेस्कटॉपच्या क्षेत्रात ते रुजविण्याचे श्रेय ग्नोम प्रकल्पाकडे जाते. जून २००२ मधील २.० या आवृत्तीनंतर ग्नोमने दर सहा महिन्यांनी, सामान्यतः मार्च व सप्टेंबर या महिन्यांत, नवी आवृत्ती काढण्याचा परिपाठ ठेवला. त्यासाठी नेमलेला प्रकाशन-गट एका क्रमाने कामे थांबवीत आणतो : प्रथम नवे गुणविशेष, मग पडद्याचे रूप आणि त्यानंतर पडद्यावरील शब्द. यांतील शेवटच्या टप्प्यास संदेश-स्थगन म्हणता येईल. या टप्प्यानंतर कळीवरील किंवा सूचनेतील एक शब्दही अनुवादकांना कळविल्यावाचून व संमतीवाचून बदलता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण वेळापत्रकातील सर्वांत न्याय्य कलम हेच आहे. इंग्रजी जाणणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. परंतु मराठी अनुवादकाला निश्चित मजकूर व निश्चित मुदत या दोन गोष्टी केवळ याच कलमामुळे मिळतात.

ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू हा वितरण-संच ४.१० या क्रमांकाने निघाला. येथे क्रमांक म्हणजेच तारीख : चार हे वर्ष, दहा हा महिना. दर सहा महिन्यांनी एप्रिल व ऑक्टोबर असा क्रम पुढे राहिला. त्याला एकच अपवाद घडला. २००६ ची ६.०४ ही आवृत्ती सहा आठवडे लांबविण्यात आली आणि लांबली म्हणून तिचा क्रमांकही ६.०६ झाला. तपासणी व स्थानिकीकरण यांसाठी अधिक वेळ हवा, हे दिलेल्या कारणांपैकी होते. तारीखच नाव झाल्यावर विलंब लपविता येत नाही, हा या पद्धतीचा एक गुण म्हणावा लागेल.

केडीईचा अनुभव : माटियास एट्रिख यांनी ऑक्टोबर १९९६ मध्ये जर्मनीतून केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाची घोषणा केली. १.० ही आवृत्ती जुलै १९९८ मध्ये, २.० ऑक्टोबर २००० मध्ये व ३.० एप्रिल २००२ मध्ये आली. या काळात पायाभूत लायब्रऱ्या, डेस्कटॉप आणि पत्र, चित्र, खेळ इ. उपयोजने सर्व मिळून एकच ‘केडीई’ मानली जात व सर्वांस एकच क्रमांक असे. वापरणाऱ्याला ते सोपे होते. अडचण आली ती ४.० च्या वेळी (जानेवारी २००८). या आवृत्तीत पाया नवा बांधला होता आणि तो आधी विकासकांच्या हाती पडावा, हा कर्त्यांचा हेतू होता. परंतु पुढे शून्य असलेला पूर्णांक पाहिला की सामान्य माणूस तो ‘पूर्ण’ समजतो. काही वितरकांनी तसेच समजून जुनी ३.५ मालिका बाजूस सारली व अपुऱ्या डेस्कटॉपबद्दल तक्रारींचा भडिमार झाला. क्रमांक हा कर्त्याच्या मनातला अर्थ न सांगता वाचणाऱ्याच्या मनातला अर्थ सांगतो, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे नसेल. सहा-सहा महिन्यांच्या क्रमाने निघालेल्या पुढील आवृत्त्यांनी ही हानी भरून काढली.

नोव्हेंबर २००९ मध्ये प्रकल्पाने ‘केडीई’ हे नाव माणसांच्या समुदायासाठी राखून ठेवले व सॉफ्टवेअरच्या संचास निराळे नाव दिले. खरा विच्छेद २०१४ मध्ये झाला. पायाभूत लायब्रऱ्या ‘फ्रेमवर्क्स’ या नावाने दरमहा, ‘प्लाझ्मा’ हा डेस्कटॉप स्वतःच्या क्रमाने आणि उपयोजने दर चार महिन्यांनी प्रकाशित होऊ लागली. ‘केडीई ५’ या नावाची वस्तू त्यामुळे कधी अस्तित्वातच आली नाही, जरी लोक तसे म्हणत राहिले. डिसेंबर २०१४ मधील उपयोजन-संचास १४.१२ हा क्रमांक मिळाला. त्या संचात काही उपयोजने नव्या पायावर तर काही जुन्याच पायावर होती. अशा मिश्र समूहास ४ किंवा ५ यांपैकी कोणताही अंक खोटा ठरला असता. वर्ष-महिना हा क्रमांक गुणवत्तेचा कोणताच दावा करीत नाही, म्हणून तो सर्वांना मानवला.

तरीही दुहेरी क्रमांकाचा घोळ राहिला. दस्तऐवज वाचण्याचे ‘ऑक्युलर’ हे उपयोजन संचाबरोबर निघे, पण त्याचा स्वतःचा क्रमांक निराळा असे. २०.०४ या संचातील ऑक्युलर १.१० होते, २०.०८ मधील १.११. दोष कळविणारा एक अंक सांगे, वितरक दुसरा लावी आणि दुरुस्त करणाऱ्याला दोन्हींचे कोष्टक जवळ ठेवावे लागे. डिसेंबर २०२० पासून ऑक्युलरनेही संचाचाच क्रमांक स्वीकारला. एप्रिल २०२१ पासून हा संच ‘केडीई गिअर’ या नावाने निघतो व त्यात शंभराहून अधिक उपयोजने व त्यांच्या सहायक लायब्रऱ्या असतात. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी मात्र, सर्व पाया पुन्हा बदलायचा असल्याने, फ्रेमवर्क्स, प्लाझ्मा व गिअर ही तिन्ही एकाच दिवशी प्रकाशित करण्यात आली. त्यासाठी डिसेंबरमधील उपयोजन-संच वगळून तो २४.०२ म्हणून काढला गेला. पुढे तिन्ही पुन्हा आपापल्या मार्गाने निघू लागली. एरवी वेगळे राहावे आणि पाया हलविताना एकत्र यावे, असा हा तोडगा अनुभवाने शिकविलेला दिसतो.

सर्वच प्रकल्पांनी एक तारीख पाळावी, अशी सूचना उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी २००८ मध्ये केली होती. तिचे स्वागत थंड झाले. २००९ च्या जुलैमध्ये ग्नोम व केडीई यांची परिषद कॅनरी बेटांवर प्रथमच एकत्र भरली. त्याच महिन्यात डेबियनने दर दोन वर्षांनी डिसेंबरमध्ये बदल थांबविण्याचे जाहीर केले आणि स्वयंसेवकांचा रोष पाहून काही दिवसांतच त्या वर्षीची तारीख मागे घेतली. ज्यांना वेतन नाही त्यांना तारीख मान्य करवून घ्यावी लागते, लादता येत नाही. ग्नोमने २०२१ च्या मार्चमध्ये ३.३८ नंतर सरळ ४० हा क्रमांक घेतला, यामागेही शेजाऱ्याचा विचार होता : ज्या लायब्ररीवर ग्नोम उभे आहे तिची ४.० आवृत्ती नुकतीच निघाली होती आणि दोन ‘चार’ एकत्र नांदणे इष्ट नव्हते.

महाराष्ट्रातील कार्य : मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात २००० च्या सुमारास ‘इंडिक्स’ हा प्रकल्प चालू होता. लिनक्सवर भारतीय लिप्या दिसाव्यात म्हणून त्यात जोडाक्षरांची जुळणी एक्स विंडो या सर्वसामायिक थरात करण्याचा मार्ग स्वीकारला होता. दरम्यान जगभर हे काम त्या थरातून निघून उपयोजनांच्या लायब्रऱ्यांकडे सरकले. २००३ मध्ये हे केंद्र सी-डॅक या संस्थेत विलीन झाले व तेथे पुढे ‘जनभारती’ या नावाने मराठी, हिंदी व गुजराती अनुवादाचे काम झाले. पुण्यात रेड हॅट या कंपनीच्या केंद्रात भारतीय भाषांच्या स्थानिकीकरणाचे काम सातत्याने चालले. २००४ मध्ये तिने मुक्त केलेली ‘लोहित’ ही फाँटमालिका पुणे येथील मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेने घडविली होती. निरनिराळ्या उपयोजनांत एकाच इंग्रजी शब्दाला एकच प्रतिशब्द असावा, यासाठी २००८ मध्ये ‘फ्युएल’ हा उपक्रमही पुण्यातूनच सुरू झाला.

या मंडळींचे काम वेळापत्रकाशी कसे बांधलेले होते, हे पाहण्याजोगे आहे. ग्नोमच्या प्रकाशन-टिपणांत एखादी भाषा ‘समर्थित’ म्हणून नोंदविण्यासाठी किमान ८० टक्के संदेशांचा अनुवाद पूर्ण असावा लागे. म्हणजे स्थगनाची तारीख आली की त्या भाषेची जणू मोजणीच होई. केडीईच्या चौथ्या मालिकेत मराठीचा अनुवाद-संच स्वतंत्रपणे निघत असे. पुढे प्रत्येक उपयोजनाबरोबर त्याचा अनुवाद जाऊ लागला. सहा महिन्यांचा फेरा चार-पाच अनुवादकांच्या भाषेला पेलतो, मासिक फेऱ्यात मात्र ती मागे पडत जाते. नवे संदेश इंग्रजीतच राहतात आणि एकाच पडद्यावर ‘जतन करा’च्या शेजारी इंग्रजी कळ दिसू लागते. वेगाचे कौतुक करणाऱ्या बहुतेक लेखनात या खर्चाची नोंद नसते.

अक्षरसंकेत व आवृत्त्यांची साखळी : सर्व उपयोजनांच्या मुळाशी युनिकोड हा अक्षरसंकेत आहे व त्यासही आवृत्तिक्रमांक आहेत. १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी भारतीय ‘इस्की’ संकेतावरून घेतली गेली. ‘ॲ’ या अक्षराला त्यात स्वतंत्र स्थान नव्हते. ते ५.१ या आवृत्तीत (एप्रिल २००८) मिळाले. आणि ६ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र शासनाने प्रमाणित केलेल्या मराठी वर्णमालेत ‘ॲ’ व ‘ऑ’ यांचा समावेश झाला. अक्षर संकेतात आले म्हणून ते पडद्यावर उमटते असे नाही. फाँट, कळपाट व जुळणी-लायब्ररी यांच्याही नव्या आवृत्त्या संगणकावर पोहोचाव्या लागतात. तोवर लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देत. काही ठिकाणी दोहोंमध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटे, म्हणून मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालण्याची युक्ती निघाली. आज हे अक्षर तीन प्रकारे साठविलेले आढळते. डोळ्यांना तिन्ही एकच. शोध घेणाऱ्या यंत्राला तिन्ही वेगळी. ‘ऱ्या’ मधील अर्ध्या र चीही अशीच दोन रूपे साठवणीत आहेत. जुळणीचे काम ग्नोम व केडीई यांच्या लायब्रऱ्या पूर्वी स्वतंत्रपणे करीत, त्यामुळे एका डेस्कटॉपवर नीट दिसणारा मराठी शब्द दुसऱ्यावर मोडलेला दिसे. ‘हार्फबझ’ ही सामायिक लायब्ररी २०१० नंतरच्या दशकात दोघांनीही स्वीकारल्यावर ही तफावत बरीच संपली.

याउलट उदाहरण रुपयाच्या चिन्हाचे. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले ₹ हे चिन्ह केंद्र शासनाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. युनिकोडची ६.० आवृत्ती ११ ऑक्टोबर २०१० रोजी निघाली व तीत ते समाविष्ट झाले. उबुंटूची १०.१० ही आवृत्ती त्याच्या एक दिवस आधी, १० ऑक्टोबरला प्रकाशित झाली होती आणि एका योगदात्याने ते चिन्ह तिच्या फाँटात अगोदरच भरले होते. विंडोज ७ साठी तशी सुधारणा मे २०११ मध्ये आली. शासनाचा निर्णय, संकेत, फाँट व वितरण-संच हे चारही टप्पे तीन महिन्यांत साधले गेले, ते पुढील तारखा सर्वांस आधीच ठाऊक होत्या म्हणून. अर्थात त्याच वर्षीच्या एप्रिलमधील संच वापरणाऱ्याला ऑक्टोबरच्या त्या फाँटावाचून ₹ च्या जागी रिकामा चौकोनच दिसणार होता.

युनिकोडच्या आवृत्त्या २०१४ पासून सामान्यतः वर्षाला एक अशा निघतात. मराठीची जुनी मोडी लिपी ७.० या आवृत्तीत (जून २०१४) आली. यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने त्यापुढील दोन आवृत्त्या अधिक लक्षणीय आहेत. या जिल्ह्याच्या केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी इ. तालुक्यांत गोंड, परधान व कोलाम यांची वस्ती आहे. बालाघाटकडील मुनशी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली गोंडी लिपी युनिकोडच्या १०.० आवृत्तीत (जून २०१७) दाखल झाली. पैनगंगेपलीकडील आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांची गोंडी लिपी ११.० मध्ये (जून २०१८) आली. दोन्ही लिप्यांचे प्रस्ताव अंशुमन पांडे यांनी मांडले होते व दोहोंसाठी ‘नोटो’ या मुक्त मालिकेत फाँट आहेत. एका भाषेच्या दोन लिप्या, एक वर्षाच्या अंतराने, दोन आवृत्त्यांत. २०१७ च्या उत्तरार्धातील प्रणाली वापरणाऱ्याला मसराम लिपीतील मजकूर वाचता येण्याची शक्यता असली, तरी गुंजाळा लिपीचे एकही अक्षर ती प्रणाली ओळखणार नाही. दीर्घ मुदतीचा आधार असलेले वितरण-संच वर्षानुवर्षे न बदलता चालतात आणि म्हणूनच शाळा व कार्यालये ते पसंत करतात. त्यांत सुरक्षिततेच्या दुरुस्त्या येत राहतात, परंतु जुळणी-लायब्ररी बहुधा मूळ क्रमांकाचीच राहते. तेव्हा अशा संगणकावर फाँट वेगळा आणून बसविला, तरी नव्या लिपीची जोडाक्षरे जुळण्यासाठी पुढील संचाची वाट पाहावी लागते.